फ्रीजचा खालचा कप्पा

फ्रीज कंपनीचा आहे. दारावर त्यांच्याच बाटलीचं चित्र.
दुसरं काही ठेवायचं नाही असं करारात लिहिलंय.
मी ताक ठेवते, दह्याचे डबे ठेवते,
आणि खालच्या कप्प्यात, लिंबांच्या मागे,
स्टीलच्या डबीत अफसारचं इन्शुलिन.

भांडेवाडीच्या डोंगराखाली त्याचं गोदाम.
डोंगर कचऱ्याचा; आमच्या भागात दुसरा नाही.
दिवसभर प्लास्टिक निवडायचा, टिनाखाली झोपायचा.
मे महिन्यात ऊन शेचाळीसवर जाऊन बसलं
की औषधाचं नुसतं पाणी होतं, म्हणाला.
आधी माठाच्या पोटाशी ठेवायचा, ओल्या फडक्यात.
मग एक दिवस माझ्या फ्रीजकडे बघत उभा राहिला,
ताक न मागता.

"बरफ को मत लगने देना, दीदी."
"बर्फ जमाले लाइन तर रायली पायजे बाप्पा."

डबीवर नाव काय टाकू, विचारलं.
राजू लिहा, म्हणाला.
पहिल्या दिवशी सगळेच राजू असतात.
मी सासऱ्यांचं नाव टाकलं, वामनराव.
जाऊन सहा वर्षं झाली त्यांना.
आधार कार्ड अजून कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत,
घडी न मोडलेलं.

साखर त्यांनाही होती.
त्यांचं औषध मेडिकलमधून फुकट यायचं,
वर बडबड: लाइन किती, डॉक्टर कसा, पंखा बंद.
अफसार पारडीच्या दुकानातून रोखीनं आणायचा
आणि अर्धंच टोचायचा.
जेवणही अर्धंच, म्हणजे हिशोब जुळतो
असं त्याला वाटायचं.

काच पायात सकाळी गेली.
त्याला कळलं संध्याकाळी,
चप्पल निघेना तेव्हा.

मीच घेऊन गेले मेडिकलला.
खिडकीवरची पोरगी बरी होती, ओरडली नाही,
योजनेत बसवायचं तर कार्ड लागेल, एवढंच म्हणाली.
मी मागं वळले तर तो नाही.
गेटजवळच्या पोलीस चौकीपुढून
तो त्या पायानं असा चालला होता
की मला पळावं लागलं.

"गाव कोणतं रे तुझं, खरं सांग."
"नदी के उस पार."
"उस पार म्हणजे कोणत्या काठावरून?"
हसला. नदी दरवर्षी जागा बदलते म्हणे.
शाळा तिनं नेली, दाखला शाळेतच होता.
आईची कबर नेली. मग विचारायचं तरी कुणाला
की आपण अलीकडचे का पलीकडचे?

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला
दुकानापुढून मारबत गेली होती, गल्लीतल्या पोरांची,
बांबूची, वर जुनी साडी गुंडाळलेली.
पोरं ओरडत होती, रोगराई घेऊन जाय गे मारबत!
काय म्हणतात, त्यानं विचारलं. मी सांगितलं.
"मेरा शुगर भी बोल दो, दीदी."
मी बोलले. मोठ्यानं बोलले.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी
पहाटे गोदामावर गाड्या आल्या.
कागद तपासले. ज्यांचे नव्हते त्यांना बसवलं.
कुठे नेलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही.
मी कोण त्याची, असं विचारलं,
आणि मला पटकन काही सुचलं नाही.
औषध द्यायचं आहे, म्हटलं.
तो शिपाई माझ्या हातातल्या डबीकडे बघत राहिला,
खाऊचा डबा आणल्यासारखा.

पोरं परत ओरडत गेली. मी शटर अर्धं ओढून आत बसले.
मारबत सगळं नेते, पण बघून नेत नाही.

डबी परत कप्प्यात आहे.
उघडल्यावर अठ्ठावीस दिवस, खोक्यावर लिहिलंय.
किती झाले ते मला माहीत आहे.
रात्री लाइन गेली की अजून जाग येते,
उठून फ्रीजच्या दाराला हात लावून बघते.

काल कंपनीचा माणूस आला तपासणीला.
लिंबं सरकवली, डबी काढली, नाव वाचलं.
"हे काय मावशी?"
"सासऱ्याचं औषध."
"ते तर वारले ना?"
"वारले," मी म्हटलं,
"साखर आहे अजून."